डाव्या गालातली पोकळी

डॉक्टरांनी दुर्बीण नाकपुडीतून आणखी आत सरकवली आणि चिमटा उघडला. डाव्या गालामागची सायनसची पोकळी पडद्यावर पुवाने भरलेली दिसत होती. टेबलावर त्यांच्या वहिनी बेशुद्ध होत्या.

एकाच नाकपुडीतून वाहणाऱ्या दुर्गंधी सर्दीने त्या कित्येक वर्षं हैराण होत्या. स्कॅनमध्ये पांढरा ठिपका दिसला, तेव्हा डॉक्टर मनातून खूशच झाले होते. एका बाजूच्या सायनसमध्ये धरणाऱ्या बुरशीवर त्यांचं संशोधन चाललं होतं, आणि असा नमुना घरातूनच चालून आला होता.

"बुरशीचा गोळा. पैज लावतो," ते सिस्टरना म्हणाले.

चिमटा आत कशावर तरी खट्‌कन वाजला. बुरशी वाजत नाही.

चिमट्याला लागलं ते त्यांनी बाहेर काढून धुतलं. नखाएवढा तुकडा, हिरवा, किंचित गोलाई असलेला.

"सर, ही तर बाटलीची काच," सिस्टर म्हणाल्या.

डॉक्टरांनी काच दिव्यासमोर धरली. वहिनींच्या डोळ्याखालचा तो जुना व्रण त्यांनी जेवताना समोर बसून किती वेळा पाहिला होता. जिन्यावरून पडली, असं दादा सांगायचा आणि सगळं घर ते मानून चाललं होतं. जिन्यावर बाटली कुठून येणार?

शस्त्रक्रिया आटोपून ते बाहेर आले. दादा बाकावर मोबाइल चाळत बसला होता.

"काय रे, निघाली का बुरशी?"

डॉक्टरांनी काच ठेवलेली डबी त्याच्यासमोर धरली. ही काय, कुठून आली, काहीच त्याने विचारलं नाही. चेहरा मात्र पांढराफटक पडला.

"आईला सांगू नकोस," तो पुटपुटला.

डॉक्टर वळले आणि वहिनींच्या खोलीत गेले.

वहिनींना जाग आली होती. नाकात बोळे, आवाज धड फुटत नव्हता.

"भाऊजी, बुरशीच होती ना?"

"काच होती, वहिनी."

त्या छताकडे बघत राहिल्या. डोळ्याच्या कडेतून पाणी कानाकडे ओघळलं.

"मला वाटलं, सगळी तेव्हाच काढली मी."

डॉक्टर कॉटच्या कडेलाच टेकले. बाहेर दादा दाराशी येऊन घुटमळत होता. डॉक्टरांनी हात लांबवून पडदा ओढून घेतला.

"घरी कधी सोडणार?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही म्हणाल तेव्हा."

वहिनींनी पडद्याकडे पाहिलं आणि पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.