सात पिढ्यांचा दोरा

सभागृहात तीनशे माणसं कोंबली होती आणि एकाच्याही श्वासाचा आवाज येत नव्हता. पुढे स्टुलावर धाकटी पाठमोरी बसली होती. दोरेबाबांनी तिच्या खांद्यावर ओला कापूस ठेवला, त्यावर अंगठा दाबला, डोळे मिटले आणि हात हळूहळू वर न्यायला सुरुवात केली. कापसाखालून लालभडक दोरा निघू लागला. वीतभर झाला, हातभर झाला, दीड हात झाला, तरी निघतोच आहे! मागच्या रांगेतली एक बाई हुंदके द्यायला लागली. एकानं तर खुर्चीवर उभं राहून हात जोडले.

"बघा, डोळे उघडून बघा!" बाबा गरजले. "सात पिढ्यांचा दोरा आहे हा! हिच्या पणजीनं कुणाचा तरी तळतळाट घेतला, तो रक्तात शिरला. आईला गाठ, मावशीला गाठ, आता हिला गाठ! तीन दोरे निघाले, चार राहिले. पण याद राखा, मधे सुई टोचाल तर दोरा तुटेल, आणि तुटलेला दोरा अंगभर पसरेल!"

गाठ छातीत आणि दोरा खांद्यातून कसा, हे कुणी विचारलं नाही. विचारणार तरी कोण? आलेला प्रत्येक जण आपापली भीती सांभाळत बसला होता. बाबांना तेच तर हवं होतं.

तिसऱ्या रांगेत धाकटीची थोरली बहीण बसली होती. शर्टांच्या कारखान्यात ती कापड बेतायची आणि कापायची. तिथे सगळ्या तिला मास्तरीणबाई म्हणत, घरी ती ताई. कारखान्यात वीस बायका तिच्या आवाजाला दबकून असत, पण इथे तिची पाचावर धारण बसली होती. आई एक्केचाळिसाव्या वर्षी गेली, मावशी अडतिसाव्या. धाकटी छत्तीस वर्षांची. चार आठवड्यांपूर्वी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, सुईनं गाठीचा तुकडा घेऊन तपासू. "थोडं थांबू या," असं धाकटी नव्हे, ताईच म्हणाली होती. आईला सुई टोचली आणि दोन महिन्यांत आई गेली, हे ती विसरली नव्हती. डॉक्टरकडे न्यायच्या आधीच आईची गाठ मुठीएवढी झाली होती, हे मात्र घरात सगळे सोयीनं विसरले होते. सगळा दोष बिचाऱ्या सुईवर!

निघालेला दोरा कागदात गुंडाळून ताईच्या हाती आला. "उघडायचा नाही. वाहत्या पाण्यात सोडायचा," अशी ताकीद मिळाली. धाकटीला घरी सोडून ताई तशीच कामावर गेली. पुडी कटिंग टेबलावर ठेवली, तर तिचा लाल रंग पांढऱ्या कापडावर उतरायला लागला.

"अगं बाई, थान खराब होईल!" म्हणत तिनं पुडी उचलली आणि सवयीनं उघडलीही. दोरा बोटांत आला आणि बोटं थबकली. वीस वर्षं दोरेच हाताळलेली बोटं ती. तिनं पीळ उलटा फिरवला. तीन पदर, एकसारखे, मशीनवर वळलेले. कापड सुती की भेसळीचं अशी शंका आली की कारखान्यात टोक जाळून बघतात. सूत असेल तर कागदासारखं जळून राख होते. तिनं काडी ओढली. दोऱ्याचं टोक आक्रसलं, वितळलं आणि त्याचा काळा, कडक मणी झाला. प्लास्टिकचा वास सुटला.

पॉलिस्टर! पणजीचा तळतळाट पॉलिस्टरचा!

दुसरी कुणी असती तर हसली असती. ताईला हसू आलं नाही. दोरा खोटा, म्हणजे गाठ खरी. गाठ जागच्या जागी आहे, वाढते आहे, आणि चार आठवडे आपण आपल्या हातांनी घालवले. ती टेबलाला धरून खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती डॉक्टरीणबाईंसमोर होती. त्यांनी आधी तिलाच तपासलं, छातीचे एक्स-रेसारखे फोटोही काढले. "तुम्हाला आज तरी गाठ नाही," त्या म्हणाल्या. तसा कागदही लिहून दिला.

"पण बाई, एकाच घरात तिघींना? शाप नाही तर काय म्हणायचं याला?"

"सांगते. आपल्या प्रत्येक पेशीत, कसं वाढायचं आणि कधी थांबायचं याच्या सूचना असतात. त्यांना जनुकं म्हणतात. एका पेशीच्या दोन होताना सगळ्या सूचना उतरवून घ्याव्या लागतात. उतरवताना चुका होतात. अशा चुकीला म्युटेशन म्हणतात. तुमच्यात होतात, माझ्यात होतात, रोज होतात."

"रोज?"

"रोज. बहुतेक लगेच दुरुस्तही होतात."

ताई जरा सावरून बसली. हे तिच्या ओळखीचं होतं. "आमच्याकडे पण पॅटर्नवरून पॅटर्न उतरवतात. बोटभर चुकलं की पुढचे सगळे शर्ट चुकतात. म्हणून चेकिंगचं टेबल असतं. तिथे चेकर पकडते."

"अगदी तसंच! शरीरातही चेकर जनुकं असतात. प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईची, एक वडिलांची. तुमच्या घरात आईकडची प्रत बहुतेक मुळातच बिघडलेली असावी. रक्त तपासलं की कळेल. म्हणजे दोन चेकरचं काम एकटीवर. एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, की चुका पकडणारं कुणी उरत नाही. त्या साठत जातात. एखादी चूक म्हणते, वाढत राहा. एखादी 'थांब' ही सूचनाच खोडून टाकते. अशा बऱ्याच साठल्या की ती पेशी थांबतच नाही. त्याचीच गाठ होते."

"म्हणजे पणजीनं..."

"पणजीनं काही केलं नाही, आईनं नाही, धाकटीनं तर नाहीच. आणि बहुतेकांचा कॅन्सर घराण्यातून येतही नाही. तंबाखूनं, वयानं, कधी नुसत्या योगायोगानंही चुका साठतात."

ताईनं विचारलं, "सुईनं पसरतो का हो?"

"सुईनं नाही. सुईला घाबरून लोक येतच नाहीत. पसरतो तो तेवढ्यात."

दारापर्यंत जाऊन ती परत वळली. "आणि ती बिघडलेली प्रत... माझ्यात?"

"असण्या-नसण्याची शक्यता निम्मी निम्मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धाकटी मात्र ऐकेना. "तू उघडलास म्हणून तसा जळला असेल दोरा. बाबा म्हणालेच होते, उघडू नका!" चौथ्या दोऱ्यासाठी ती सभागृहात जाऊन बसलीसुद्धा. मग ताई सरळ पुढे गेली आणि तिच्याआधी स्टुलावर टेकली.

"हिची थोरली!" बाबा खुलले. त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली. "आहे! हिलाही आहे! डाव्या काखेत, लिंबाएवढी! वेळेवर आलीस, पोरी!"

ओला कापूस खांद्यावर आला. ताई मान वळवून त्यांचा अंगठा निरखत होती. शिवताना बोटाला टोपण घालणाऱ्या बायका तिनं आयुष्यभर पाहिल्या होत्या. टोपण घातलेलं बोट पेरात वाकत नाही. हा अंगठाही वाकत नव्हता. दोरा वीतभर निघाला आणि जड कात्री चालवणाऱ्या ताईच्या हातानं तो अंगठा पकडला, आणि ओढला.

अंगठ्याची टोपी निघाली! अंगठ्याच्याच रंगाची, रबरी. आत लाल पाण्यात भिजलेल्या दोऱ्याचं वेटोळं.

"मला गाठ नाही!" ताईचा आवाज चिरकला. "हा डॉक्टरांचा कागद! याच आठवड्यात तपासलंय! नसलेल्या गाठीतून यांनी दोरा काढला!" तिनं काडी ओढून दोऱ्याचं टोक पेटवलं आणि काळा मणी वर धरला. "हा पॉलिस्टर आहे! का हो बाबा, आमच्या पणजीच्या काळात पॉलिस्टर मिळत होतं?"

आधी एक जण हसला, मग दहा, मग सभागृहात एकच गोंधळ. "परीक्षा बघितली म्हणून शक्ती गेली!" असंही कुणीतरी ओरडलंच. बाबांची शक्ती पायांत मात्र शाबूत होती, मागच्या दारानं ते केव्हाच पसार झाले.

धाकटी जागची हलली नाही. "तीन आठवडे मला शांत झोप लागत होती गं," ती म्हणाली. "तेवढंही काढून घेतलंस."

"चूक माझी आहे. 'थांबू या' मीच म्हणाले," ताई रडायला लागली. "पण आता एक दिवसही नको."

तपासणीत कॅन्सर निघाला. काखेतल्या एका ग्रंथीपर्यंत पोचला होता. उशीर झालाय, पण हाताबाहेर गेलेलं नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं सुरू झाली, धाकटीचे केस गेले. ती घाबरली, चिडली, रडली आणि एकही खेप चुकवली नाही.

ताईनंही रक्त दिलं होतं. तिचा रिपोर्ट आला. धाकटीत निघाली तीच प्रत, तशीच बिघडलेली. आता दर वर्षी फोटो, दर सहा महिन्यांनी तपासणी, पुढे काय करायचं त्यावर बोलणी. आणि भर सभेत बाबाचा अंगठा ओढणाऱ्या या बाईनं काय केलं? रिपोर्ट कापडाच्या थानाखाली सरकवला आणि नऊ दिवस कुणाला काही सांगितलं नाही. भीती शहाण्यांनाही सोडत नाही. म्हणूनच तर बाबांची दुकानं चालतात. शाप मानला की आपल्याला काही करावं लागत नाही, दोरा ओढणारा ओढतो. चूक कुठे झाली हे कळलं की उठून दवाखान्यात जावं लागतं.

दहाव्या दिवशी धाकटी डोक्याला रुमाल बांधून कारखान्यात आली. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं, ताई का आली नाही? तिनं कात्री ताईच्या हातातून काढून घेतली.

"चल."

"मला भीती वाटते गं."

"वाटणारच. मला अजून वाटते, रोज वाटते. घरात बसून घाबरलीस तर नुसतीच घाबरशील. तिथे निदान तपासतात तरी," धाकटी म्हणाली आणि तिनं ताईचा हात धरून तिला उठवलं.