चाकूने काढलेली टोके

मित्रांनो, मी एक जुने कपाट आहे. कपडे ठेवायचे नव्हे. मला दारे नाहीत, नुसते चपटे खण आहेत, वरपासून खालपर्यंत. एका सुताराने मला चष्मेवाल्यासाठी बनवले होते. प्रत्येक खणावर पितळी पट्टी आणि तीवर भिंगाचा नंबर: उणे एक, उणे दोन, अधिक तीन. गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालून समोरचा तक्ता वाचू लागले, की चष्मेवाला मागे न बघता माझा बरोबर खण ओढायचा. "हा माझा तिसरा हात आहे," असे तो सगळ्यांना सांगे. पुढे तो थकला, दुकानाला कुलूप लागले आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. तेव्हा वाईट वाटले असेल. आता नीट आठवत नाही.

मला घरी नेले ते एका बसचालकाने. त्याच्या बायकोला रंगीत पेन्सिलींनी पक्षी काढायचा नाद होता आणि तिच्या पेन्सिली बिस्किटांच्या डब्यांत, पलंगाखाली, कुठे कुठे लोळत असत. घरात तिला सूनबाई म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. तसे म्हणणारी एकच होती, तिची सासू, आणि सासूबाईंचा आवाज घरभर पुरायचा.

त्या दोघांनी मागची अडगळीची खोली रिकामी केली. टेबल खिडकीशी अशा बेताने लावले की उजेड डावीकडून यावा, म्हणजे लिहित्या हाताची सावली कागदावर पडत नाही. भिंतीवर दोरी बांधून चिमट्यांनी चित्रे टांगायची सोय केली. नंबरांच्या पट्ट्या सूनबाईने काढू दिल्या नाहीत. उणे दोनमध्ये निळे रंग गेले, अधिक तीनमध्ये तपकिरी. तपकिरी आणि राखाडी हाताच्या उंचीवर, कारण पक्ष्यांना तेच जास्त लागतात. तळाच्या खणात कागद, आडवे, घडी न पडता.

ती चित्र काढी तेव्हा मला कंटाळा येत नसे. आधी फिकट रेघा, मग त्यावर दुसऱ्या रंगाच्या, मग तिसऱ्या. कावळ्याच्या काळ्यात ती निळा घालायची, जांभळा घालायची, काळी पेन्सिल सगळ्यांत शेवटी. डोळ्यातला उजेडाचा ठिपका म्हणजे कोरा सोडलेला कागद. पिसाच्या रेघेला बारीक टोक लागते आणि शार्पनरमध्ये मऊ शिसे मोडते. म्हणून सुट्टीच्या दिवशी बसचालक पेन्सिलींची टोके चाकूने काढायचा. लांब, निमुळती. "सासरेबुवांनी हुंड्यात पेन्सिलींचा कारखाना दिलाय," असे म्हणत तो सालपटे वर्तमानपत्रावर गोळा करी. सासूबाई दारातून म्हणत, "बाळ्या, एवढ्या वेळात एखादा कांदा चिरला असतास तर!"

मग एका दुपारी त्याने थांब्यावर बस उभी केली, हँडब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोके टेकले. प्रवाशांना वाटले, दमला असेल. ते काही वेळ वाट बघत बसून राहिले.

त्यानंतर घरात विशेष काही झाले नाही. माणसे आली, गेली. सूनबाई कामावर जाई, परत येई, कोणी काही विचारले तर "बरं" म्हणे. सासूबाईंचा आवाजही खाली बसला. दोघी समोरासमोर जेवत आणि ताटे उचलत. मागच्या खोलीत आधी एक सुटकेस आली, मग इस्त्रीचे कपडे, मग मोडका पंखा. माझ्या डोक्यावर रजयांचा ढीग बसला. दोरीवर एक अर्धी चिमणी लटकत होती. माझे खण दमट हवेने फुगले. मी वाट बघत होतो असे म्हणणार होतो, पण तेही खरे नाही. मी नुसता उभा होतो.

एक दिवस शेजारच्या इमारतीतल्या, लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई आल्या. दवाखान्याच्या भिंतीसाठी त्यांना पक्ष्यांची चित्रे हवी होती. "मुलं सुईकडे बघतात आणि दवाखाना डोक्यावर घेतात. बघायला दुसरं काहीतरी हवं."

सूनबाई काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "काढेल की! घरात पेन्सिलींचा ढीग पडलाय."

"बरं," सूनबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि सासूबाई पदर खोचून खोलीत शिरल्या. पंखा भंगारवाल्याला गेला, रजया पलंगाखाली. माझा एकेक खण त्यांनी चादरीवर उपडा केला आणि दिवसभर पेन्सिली लावत बसल्या. एकेक उचलायची, खिडकीशी धरायची, अंगठा फिरवायचा. मला त्यांची रीत कळेना. लाल, हिरवी, करडी, सगळ्या एका खणात जात होत्या.

सूनबाई संध्याकाळी टेबलाशी बसली. कागदावर खंड्याची आकृती काढली. मग सवयीने हात मागे करून उणे दोनचा खण ओढला, निळी म्हणून उचलली आणि पंखावर रेघ मारली. रेघ तपकिरी उमटली.

तिने दुसरा खण उघडला. तिसरा. सगळे खण उघडून झाले.

"आई!" त्या घरात बऱ्याच दिवसांनी कोणी ओरडले. "हे काय करून ठेवलंत तुम्ही? कुणी सांगितलं होतं हात लावायला? माझी एक तरी गोष्ट जागेवर ठेवाल की नाही?"

सासूबाई दारात आल्या. भांडणात त्या हार जाणाऱ्या नव्हेत, पण या वेळी हळू बोलल्या.

"मला कुठं रंग कळतात, सूनबाई? वरच्या खणांत आहेत ना, त्या त्याने चाकूने टोक काढलेल्या. लाकडाला पैलू आहेत बघ. खाली उरलेल्या. मला तेवढंच ओळखता आलं."

सूनबाईने हातातली पेन्सिल फिरवून पाहिली.

"म्हणून तर मी बसत नव्हते," ती म्हणाली. "चित्र काढलं की टोक झिजतं, आई."

"मग काय लोणचं घालणार आहेस त्यांचं?" सासूबाई म्हणाल्या. "झिजावी म्हणूनच काढली होती ना त्याने?"

मला वाटले, आता दोघी रडतील. कोणी रडले नाही. सासूबाईंनी इस्त्रीच्या कपड्यांखालचे स्टूल ओढले आणि टेबलाशी बसल्या. सूनबाई म्हणाली, "निळी द्या." त्यांनी हिरवी दिली. "ही नव्हे." मग त्यांनी निळी दिली. तपकिरी रेघेवर निळा चढला, तसा पंखाचा तो भाग सावलीतला वाटू लागला. सूनबाईने तो तसाच राहू दिला.

चित्रे पुरी व्हायला बरेच दिवस लागले. एकेक टोक बोथट होत गेले. सासूबाई प्रत्येक वेळी बघत. पुढे त्या स्वतः चाकू घेऊन बसू लागल्या. त्यांनी काढलेली टोके उंदराने कुरतडल्यासारखी दिसतात आणि हमखास मोडतात. सूनबाई त्या टोकांवरच काम भागवते. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, मुले सुई टोचली की रडतातच. पण एका मुलीने खंड्याच्या पोटावर बोट फिरवले आणि मग बोटाला पीस लागले का ते पाहिले.

त्याने टोक काढलेल्यांपैकी पांढरी तेवढी अजून तशीच आहे. पांढऱ्या कागदावर तिला काम कमी. मुद्दाम कोणी ठेवलेली नाही.

मित्रांनो, घरात आनंदी आनंद झाला असे मी सांगणार नाही. दोघी अजून कमीच बोलतात. एक मागणे मात्र आहे. गेलेल्या माणसाचा हात लागलेली वस्तू तुमच्याकडे असेल, तर तिला बंद खणात जपू नका. आमचे खण दमट असतात, त्यांच्यात काहीच फार दिवस नीट राहत नाही. ती बाहेर काढा, वापरा, झिजू द्या. आणि आम्हाला अधूनमधून कोरड्या फडक्याने पुसत जा.