कुंभार आळीचे एकोणीस फेरे

सोमवार, तेवीस मार्च. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी रखमाजींनी मला कुंभार आळीच्या तोंडाशी जमिनीत उतरवलं. सहा बावन्नला माझी जप्ती झाली. मधल्या बारा मिनिटांत सात फेरे झाले. हवे होते एकोणीस.

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. कुलपाची नव्हे, पाण्याची. रस्त्याखाली नळाच्या मोठ्या पाइपावर व्हॉल्व्ह असतो. तो जमिनीत हातभर खोल असतो, म्हणून माझी दांडी चार फूट लांब आहे. वर दोन्ही हातांनी धरायची आडवी मूठ आणि खाली व्हॉल्व्हच्या डोक्यावर बसणारी चौकोनी खाच. दिसायला मी काही विशेष नाही. पण मी फिरल्याशिवाय तुमच्या हंड्यात थेंब पडत नाही.

माझा जन्म गोरख लोहाराच्या भट्टीत झाला. एका भंगार टेम्पोच्या एक्सलमधून त्याने मला घडवलं. कुंभार आळीचा व्हॉल्व्ह फार जुना होता आणि त्याचं डोकं झिजून पार वेडंवाकडं झालं होतं. कचेरीच्या चाव्या त्यावर नुसत्या गरगर फिरत. रखमाजींनी व्हॉल्व्हच्या डोक्याचा ओल्या मातीत ठसा घेतला, तो ठसा पानात गुंडाळून गोरखकडे नेला आणि त्यावर बेतून माझी खाच काढून घेतली. त्यामुळे मी गावातल्या सगळ्या व्हॉल्व्हना चालते, पण कुंभार आळीच्या व्हॉल्व्हला मात्र माझ्याखेरीज कुणी चालत नाही.

रखमाजी मूळचे भोंगवलीचे, शेतकऱ्याच्या घरातले. नगरपालिकेत त्यांनी सत्तावीस वर्षं पाणी सोडलं, त्यातली एकवीस माझ्यासोबत. शेतकरी धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. रखमाजी पाणी सोडतानाही तसंच मोजत. ‘लाभ, दोन, तीन’ असे एकोणीस फेरे झाले की कुंभार आळीच्या तेवीसही घरांत पाणी पोचे, अगदी चढावरच्या शेवटच्या घरातही. बंद करताना मात्र ते साधं ‘एक’ म्हणत. पहिल्या शब्दावरूनच मला कळे, आता पाणी येणार की जाणार.

गावात कुठे काय पुरलेलं आहे याची कचेरीत कधीच नोंद नव्हती. ती रखमाजींच्या पावलांत होती. मारुतीच्या पायरीपासून सतरा पावलं, तिथून पिंपळाकडे पाठ करून चार, की कुंभार आळीचा व्हॉल्व्ह. साहेब बदलत गेले. प्रत्येक नवा साहेब आला की पहिल्या आठवड्यात ‘आपण सगळं एकदा कागदावर आणू’ म्हणे आणि दुसऱ्या आठवड्यात विसरून जाई. विसरणं हेच त्या कचेरीचं एकमेव काम असावं, जे मुदतीत पूर्ण होतं.

पंचवीस नोव्हेंबरला कुंभार आळीत पेव्हर ब्लॉक बसवायचं काम सुरू झालं. आता पाणीपुरवठ्याला प्रद्युम्न नावाचे साहेब आहेत. ते रखमाजींना म्हणाले, “दोन दिवस पाणी बंद ठेवा. चिखल नको.”

रखमाजींनी बंद केलं. एक, दोन, तीन. एकोणीस. मित्रांनो, ते फेरे मीच घेतले. ही गोष्ट मी लपवणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही व्हॉल्व्ह उघडायला गेलो, तर सतरा आणि चार पावलांवर गुळगुळीत लाल-पिवळे ब्लॉक बसवून झाले होते. चेंबरचं झाकण त्यांच्या खाली गेलं होतं. वर मंडप होता, कारण दुपारी पाहुणे रस्त्याची फीत कापायला येणार होते. साहेब म्हणाले, “उद्घाटन होऊ दे. मग चार ब्लॉक काढून देतो.” फीत कापली गेली. ‘आदर्श आळी’ अशी पाटी लागली. पाटी ज्या खांबावर आहे तो बरोबर चेंबरच्या शेजारी आहे. आदर्श आळीला त्या दिवसापासून पाणी नाही.

त्याच आठवड्यात रखमाजी निवृत्त झाले. शाल मिळाली, नारळ मिळाला, भाषणात त्यांना ‘पाणीपुरवठ्याचा कणा’ म्हटलं गेलं. व्हॉल्व्ह कुठे आहेत हे मात्र कुणीही विचारलं नाही. मी त्यांची स्वतःची, कचेरीच्या रजिस्टरात माझं नाव नाही, म्हणून मी त्यांच्यासोबत घरी गेले आणि दाराआड उभी राहिले.

चढावरच्या शेवटच्या घरात सगुणाबाई राहतात. त्यांची खानावळ आहे. एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर आणि विंझर, वरवे बुद्रुककडून कॉलेजला आलेली पोरं मिळून बावीस ताटं. तेविसावं रखमाजींचं. बायको गेल्यापासून अकरा वर्षं ते तिथे जेवतात. नोव्हेंबरपासून सगुणाबाई स्टँडजवळच्या विहिरीवरून पाणी आणू लागल्या. हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर, दिवसाला नऊ खेपा, आणि शेवटचा चढ. जेवण झालं की रखमाजी ताट भाकरीच्या तुकड्याने पुसून घेत, म्हणजे धुवायला पाणी कमी लागावं. खेपा घालायला त्यांनी दोनदा कळशी उचलली, तर सगुणाबाईंनी ती काढून घेतली. “ऱ्हाऊ द्या. आयुष्यभर लोकांचं पानी सोडलंसा, आता माझं वाहू नका.”

या बाई त्यांना दोष देत नव्हत्या. तेच त्यांना सहन होत नव्हतं.

आळीत सौदामिनीताई आहेत, पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांनी पहिला अर्ज लिहिला, मग दुसरा. एकूण सात. पहिल्या उत्तरात नळांना मोटारी लावल्यामुळे दाब कमी झाल्याचं म्हटलं होतं. दुसऱ्यात पाइपात क्षार साठल्याचं. तिसऱ्या उत्तरापासून कचेरीला सूर सापडला आणि पुढची सगळी उत्तरं तीच आली : ‘सदर ठिकाणी व्हॉल्व्ह असल्याचे अभिलेखावरून दिसून येत नाही.’

बारा फेब्रुवारीला सौदामिनीताई, सगुणाबाई आणि रखमाजी असे तिघं कचेरीत गेले. पुरावा म्हणून रखमाजींनी मला खांद्यावर घेतलं होतं. त्यांनी मला साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

“अहो, खाली ठेवा ते. काच फुटेल.”

“सायेब, ह्या चावीनंच बंद केलाय म्या. तुमीच सांगितलं व्हतं, दोन दिस ठिवा म्हणून.”

“लेखी आहे?”

“न्हाई. तोंडी.”

“मग झालं तर.” साहेबांनी नकाशा उलगडला. नकाशा सुंदर होता, निळा आणि गुलाबी. “हे बघा. इथे व्हॉल्व्ह नाही. असता तर उद्या काढून दिला असता.”

सौदामिनीताईंनी चष्मा लावला. “हा नकाशा कुणी केला?”

“एजन्सीने.”

“त्यांनी आळी पाहिली होती का?”

“सॅटेलाइटवरून केलाय, ताई.”

“मंग त्या सॅटेलाइटालाच म्हनावं, ये आन् हंडं भर,” सगुणाबाई म्हणाल्या. “सायेब, म्या रोज बावीस ताटं वाढती. नकाशावर वाढू व्हय?”

दारातल्या कुंडलिक शिपायाला हसू आलं, ते त्याने खोकून संपवलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी रखमाजींकडे पाहून प्रेमळ आवाजात सांगितलं, “तात्या, तुम्ही आता रिटायर झालात. आराम करा.”

मी आयुष्यभर गंजलेल्या डोक्यांवर बसले आहे, मित्रांनो. जोर लावला की ती थोडीतरी हलतात. टेबलाच्या पलीकडचं डोकं अजिबात हललं नाही.

पाडव्याला खानावळीत पुरण शिजलं नाही. सगुणाबाईंनी सगळ्यांना सांगून टाकलं, “एकतीस तारखेपातूर बघते. मंग दुसरीकडं ताट लावा, पोरांनो.” दोन दिवसांनी, शनिवारी, चढावर त्यांचा पाय घसरला. हंडा गडगडत मारुतीपर्यंत आला आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. त्या संध्याकाळी डाव्या हाताने भाकरी थापायचा त्यांचा प्रयत्न रखमाजी भिंतीला टेकून बघत होते. भाकरी तीनदा फाटली. ते न जेवता उठले.

सोमवारी उजाडताच त्यांनी एका हातात पहार आणि दुसऱ्या हातात मला घेतलं. मारुतीच्या पायरीपासून सतरा पावलं, पिंपळाकडे पाठ, चार. नऊ ब्लॉक निघाले, खालची वाळू निघाली आणि चेंबरचं झाकण दिसलं. एकशे अठरा दिवस जे अभिलेखावरून दिसत नव्हतं ते अर्ध्या तासात दिसलं. आळीतली माणसं दात घासत घासत बाहेर आली.

रखमाजींनी मला कपाळाला लावलं आणि आत सोडलं. व्हॉल्व्ह गंजून दगड झाला होता. माझी मूठ त्यांच्या तळव्यात रुतत होती.

“लाभ,” ते म्हणाले.

तो शब्द मी चार महिन्यांनी ऐकला. दुसऱ्या फेऱ्याला पाइपात गुरगुर झाली. चौथ्याला पहिल्या घरातून कुणीतरी ओरडलं, “आलं! आलं!” पाचव्याला सौदामिनीताईंच्या नळाला धार लागली. सातवा फेरा पुरा होतोय तोच साहेबांची स्कूटर आली. त्यांना फोन कुणी केला ते कळलेलं नाही.

“थांबवा. थांबवा ते! कुणाची परवानगी?”

“सायेब, सात झालं. बारा ऱ्हायलं. तेवढं करून देतो, मंग काय करायचं ते करा.”

“चावी इकडे द्या.”

आणि मित्रांनो, रखमाजींनी मला दिलं. सत्तावीस वर्षं साहेब म्हणाला ‘द्या’ की त्यांनी दिलं आहे. हात सवयीने पुढे गेले. देण्याआधी त्यांनी उपरण्याने माझ्यावरचा चिखलही पुसला, साहेबांचे हात खराब होऊ नयेत म्हणून. चढावरून सगुणाबाईंचा आवाज आला, “अवो, कशापायी देताय! तुमचीच हाय न्हवं ती!” तोवर मी स्कूटरवर होते.

पंचनाम्यात व्हॉल्व्ह हा शब्द नाही. ‘जमिनीतील लोखंडी भागाशी विनापरवाना छेडछाड’ असं लिहिलं आहे. मी रखमाजींची असल्याचं त्यांनी सांगितलं, तेव्हा साहेब म्हणाले, “पाण्याच्या कामाची वस्तू नगरपालिकेची असते.” म्हणजे जो व्हॉल्व्ह त्यांचा आहे तो नाहीच, आणि मी त्यांची नाही, ती मात्र आहे. सव्वादहाला ब्लॉक पुन्हा बसले. या वेळी फटींत सिमेंटही भरलं. नोव्हेंबरपासून त्या कचेरीने इतक्या तातडीने केलेलं हे एकच काम.

सात फेऱ्यांचं पाणी आळीत नवव्या घरापर्यंत चढतं. सगुणाबाईंचा नळ सोडला की नुसता फुसफुसतो. मंगळवारी एक माणूस आला, त्याने पहिल्या घरातल्या वाहत्या नळाचा फोटो काढला आणि निघून गेला. संध्याकाळी सौदामिनीताईंच्या मोबाईलवर संदेश आला : ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. आपण समाधानी असल्यास पाच तारे द्या.’ सोबत तोच फोटो होता. माझ्या सात फेऱ्यांची त्यांनी साक्ष करून घेतली.

मला कचेरीतल्या कपाटात ठेवलं आहे. चार फुटांची मी त्यात मावत नाही, म्हणून कपाटाचं दार लागत नाही, आणि दार लागत नाही म्हणून मला सगळं ऐकू येतं. मी काय काय ऐकते ते सांगत बसत नाही. त्यात पाण्याचा विषय क्वचितच असतो.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात. नळ सोडलात की पाणी येतं, तेव्हा ते कुठून येतं ते बघून ठेवा. तुमच्या आळीचा व्हॉल्व्ह कुठे आहे, तो किती फेऱ्यांचा आहे, हे फिरवणाऱ्या माणसाला तो हयात असेपर्यंत विचारा आणि वहीत लिहून ठेवा. नकाशावर विसंबू नका. आणि जे तुमचं आहे ते कुणी नुसतं ‘द्या’ म्हणालं, तर हात पुढे करण्याआधी एक श्वास थांबा. रखमाजींसारखं पुसून देऊ नका.

आज शुक्रवार, सत्तावीस तारीख. मंगळवारपासून रखमाजी रोज अकराला येतात आणि कपाटासमोरच्या बाकावर बसतात. साहेबांना भेटायचं आहे असं सांगतात. साहेब मीटिंगमध्ये असतात. काल कुंडलिकने त्यांना चहा दिला आणि खिडकीबाहेर बघत तो म्हणाला, “तात्या, ह्या कपाटाचं दार काय लागत न्हाई बगा. आन् म्या रोज साडेअकराला खाली जातो. धा मिन्टं तरी लागत्यात.” रखमाजींनी चहा संपवला. बारा वाजता उठून घरी गेले.

आज त्यांच्या पायाशी गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांब आहे. मला ते पहारीसारखं दिसतं.

अकरा एकतीसला कुंडलिक जिना उतरला. अकरा बत्तीसला रखमाजी बाकावरून उठले.