किरसाचे गेलेले कान

मित्रांनो, मी एक म्हातारा पांढरा बोका आहे आणि मला कान नाहीत. ऐकू येतं हो, पण वरच्या पाळ्या गेल्या. हे आधीच सांगून टाकलं, म्हणजे तुम्ही माझ्या डोक्याकडे टक लावून बघत बसणार नाही. कोणी बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझं नाव किरसा. सैबेरियातल्या आमच्या याकूत लोकांच्या बोलीत किरसा म्हणजे बर्फातला पांढरा कोल्हा. मोत्रोनाच्या गोठ्यात, गवताच्या ढिगात माझा जन्म झाला. मी डोळे उघडले तेव्हा ऐन उन्हाळा होता आणि डास नुसते घोंघावत होते. मोत्रोनाने मला कुशीत घेऊन घरात आणलं आणि सायीच्या वाटीशी बसवलं. माझे कान तेव्हा उभे, टोकाला झुबकेदार केस असलेले होते. येणारीजाणारी माणसं म्हणायची, "काय गं देखणं पिल्लू!" मोत्रोनाचा नवरा प्रोकोपी मात्र मला चिडवायचा. "राजेसाहेब आहेत आमचे. यांच्यासाठी उंदीर धरायला तेवढा एक गडी ठेवला म्हणजे झालं!" मला राग यायचा, कारण गवताच्या ढिगातले उंदीर मी एकट्याने संपवले होते.

पण ते उन्हाळ्यातलं. आमच्याकडचा हिवाळा म्हणजे काही थट्टा नव्हे. पारा उणे पन्नासच्या खाली गेला की घरातली भट्टी दिवसरात्र धगधगते आणि मी तिच्या अंगाला चिकटतो. दुप्पट खातो, दिवसभर झोपतो, झोपताना शेपूट नाकावर ओढून घेतो. केस इतके दाट येतात की कोणी पाठीवरून हात फिरवला तर चटचट ठिणग्या उडतात. शी-शूचा कार्यक्रम राखेच्या पेटीत. एवढ्या मोठ्या शिकाऱ्याने सगळ्यांच्या देखत पेटीत बसायचं! मला त्याचीही लाज वाटायची, पण त्या थंडीत बाहेर जाणार कोण?

तरी दार उघडलं की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. उंबऱ्यावर उभं राहायचं, एक पंजा उचलायचा, बाहेरची हवा हुंगायची, शहारायचं आणि परत फिरायचं. मोत्रोना खेकसायची, "अरे बाबा, आत की बाहेर? एकदा काय ते ठरव!"

मित्रांनो, आमच्याकडे हिवाळ्यात दार उघडलं की बाहेरची थंडी पांढरं धुकं होऊन जमिनीलगत आत लोटते. गुडघ्याखालचं काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून दार झटकन उघडायचं आणि झटकन लावायचं, हे तान्ह्या पोरांनाही ठाऊक असतं. त्या दिवशी प्रोकोपी पिण्याच्या पाण्यासाठी तळ्यातून कापून आणलेले बर्फाचे ठोकळे आत घेत होता. मी नेहमीसारखा उंबऱ्यावर गेलो. शेवटचा ठोकळा आत आला आणि मोत्रोना ओरडली, "अहो, दार! घर गारठवता का माझं?" तिने स्वतःच पुढे होऊन दार ढकललं. पांढऱ्या धुक्यात पांढरा बोका तिला दिसला नाही. दाराने मला बाहेर लोटलं आणि खिट्टी पडली.

मी ओरडलो. पण आमच्या दारांना आतून-बाहेरून लोकरीचा जाड नमदा ठोकलेला असतो. आवाज आत जाणार कसा? घरात सगळ्यांना वाटत होतं, किरसा भट्टीमागे झोपलाय. मी एकेक पाय उचलून बघितला, चारही चटके बसल्यासारखे पोळत होते. मिशा बर्फाने ताठ झाल्या, पापण्या चिकटायला लागल्या. शेवटी मी दाराशीच गोल होऊन बसलो. पाय पोटाखाली घेतले, नाकावर शेपूट घेतलं. कान झाकायला मात्र माझ्याजवळ काही उरलं नाही.

संध्याकाळचं दूध काढायला मोत्रोना बाहेर पडली आणि तिचा पाय मला लागला. "अगं आई गं! किरसा!" ती तिथेच खाली वाकली. मला कोटाच्या आत, अगदी अंगाशी धरून ती घरात आली. कान आधी सुजले, मग काळे पडले आणि एके दिवशी गळून गेले.

आता ऐका पुढचं. दुकानात बायांनी विचारलं, "मोत्रोना, बोक्याच्या कानांना काय झालं गं?" ती गडबडली. गावातली माणसं अडीअडचणीला आपली गुरं हिवाळाभर तिच्याच उबदार गोठ्यात सोडतात. खरं कळलं तर कोण ठेवील? ती म्हणाली, "काय सांगू! मांजरींच्या मागे उंडारायला गेला मेला. चांगली अद्दल घडली." बाया खो-खो हसल्या. तेव्हापासून पोरं खिडकीशी येऊन ओरडायची, "नवरदेव! ओ नवरदेव! बाशिंग कुठाय?" मी कधीही कोणाच्या मागे गेलो नव्हतो हो! मी भट्टीमागे तोंड लपवून बसायला लागलो. आणि मोत्रोना? ती माझ्या अंगावरून हात फिरवायची, पण डोक्यापर्यंत आला की हात मागे घ्यायची.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी ओग्दोमावशी आली. गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून कुठे फारशी जात नसे. मोत्रोनाने तिला भट्टीजवळ बसवलं, चहात दूध ओतलं.

"बोल पोरी, काय खबर?"

"काही नाही मावशी. तुम्हीच बोला."

"मी काय बोलू? डोळे कापून घ्यायला शहरात लेकीकडे चाललेय. हिवाळा तिकडेच जाईल. माझी गाय तुझ्याकडे ठेवावी म्हणते. तेवढी एकच आहे गं मला. तिला काही झालं तर परत येऊन मी करू काय?"

बोलता बोलता तिच्या हाताला मी सापडलो. चटचट ठिणग्या उडाल्या. हात वर सरकला, डोक्यावर थांबला. मला तर भट्टीत शिरावंसं वाटलं.

"मोत्रोना, याचे कान कुठायत?"

"ते होय? मांजरींच्या मागे..."

"हा?" ओग्दोमावशी हसायलाच लागली. "अगं, याला लहानपणीच गुरांच्या डॉक्टरकडे नेऊन खच्ची केला तेव्हा याची टोपली मीच धरली होती की! हा कसला मांजरींच्या मागे जातोय?"

प्रोकोपीने चहाचा कप खाली ठेवला. मोत्रोनाचं तोंड लालबुंद झालं. ती खाली मान घालून म्हणाली, "मीच दार लावलं, मावशी. धुक्यात दिसला नाही. आणि लोकांना खोटं सांगितलं. मला लाज वाटते. तुम्ही गाय दुसरीकडे ठेवा."

"दार लावल्यावर पुढे काय केलंस?"

"सापडल्यावर उराशी धरून बसले. त्या दिवशी दूधसुद्धा काढलं नाही. गाई हंबरत राहिल्या."

ओग्दोमावशीने चहा संपवला. काठी शोधली, उठली. "गाय उद्या आणते," ती म्हणाली. "चुका माझ्या हातूनही होतात. पण एक सांगते. माझी गाय आजारी पडली तर आजारी पडली म्हणून फोन कर. मेली तर मेली म्हणून सांग. तिच्या नावावर काही खपवू नकोस. तिला तोंड आहे, पण बोलता येत नाही."

ती गेल्यावर मोत्रोनाने मला मांडीवर घेतलं आणि माझ्या डोक्यावर, कान होते तिथे, पहिल्यांदा हात ठेवला. मी मान फिरवली. मला अजून लाज वाटत होती. पण तिने हात काढला नाही.

मित्रांनो, थंडीत दार लावताना पायाशी बघा, एवढं तर मी सांगीनच. पण कधी बघायचं राहून गेलं, आमचा कान गेला, पाय गेला, तर तसं सरळ सांगा. पाळ्या गेल्या त्याचं दुखणं महिन्याभरात थांबलं. 'नवरदेव' म्हणून हाक आली की मी अजूनही भट्टीमागे पळतो.