रडणारा पाचू

"रडला! रडला!" हॉलभर एकच गलका उठला. पुढच्या रांगेतल्या बायका उभ्या राहिल्या, मागचे लोक सरळ खुर्च्यांवर चढले. जन्मभर मुलांना विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी तर चक्क डोळे मिटून हात जोडले.

हॉटेलच्या पहिल्या मजल्यावरच्या त्या हॉलमध्ये टेबलामागे रत्नमहर्षी बसले होते. टेबलावर 'ग्रहदीप', म्हणजे तांब्याच्या टोपीखाली लावलेला भलामोठा बल्ब. त्या दिव्याखाली एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हात होता आणि बोटातल्या हिरव्यागार पाचूवर एक थेंब हळूहळू फुगत होता.

"बघा, तुमचं दुखणं ओढून घेतोय तो!" महर्षींनी रेशमी रुमालाने थेंब चटकन टिपला. "आणि का ओढून घेतो? हा कुठल्याही खाणीतला माल नाही. अस्सल कोलंबियाचा! तिथल्या जुन्या खाणीतल्या पाचूलाच हृदय असतं. बाकीचे सगळे दगड!"

टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत चिमटी दात आवळून बसली होती.

तिला सगळे चिमटीच म्हणत. वीस वर्षं ती दागिन्यांत खडे बसवत होती आणि तिच्या हातातली चिमटी जेवतानासुद्धा सुटत नाही, अशी घरात थट्टा चाले. शेजारी बसलेल्या तिच्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या बोटात असाच पाचू होता. ताईला फेफरं यायचं. सहा वर्षं गोळ्या नियमाने चालू होत्या आणि सहा वर्षांत झटका आला नव्हता. मग महर्षींनी सांगितलं की रत्न आणि औषध एका अंगात नांदत नाहीत, आणि ताईने गोळ्या बंद केल्या. अकराव्या दिवशी ती स्वयंपाकघरात कोसळली. महर्षी म्हणाले, "उत्तम! आजार बाहेर पडतोय." कपाळावर टाके पडलेली ताई त्यावरही खूश!

आता सोमवारी तिची रजा संपत होती. ताई छापखान्यात कागद कापायच्या यंत्रावर होती. हजार कागदांचा गठ्ठा लोण्यासारखा कापणारं ते पातं आणि त्याच्यापुढे गोळ्या सोडलेली ताई, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नव्हतं म्हणून चिमटी आज आली होती.

तिने सांगायला कमी केलं नव्हतं. "अगं, जवळपास प्रत्येक पाचूला भेगा असतात. त्या दिसू नयेत म्हणून व्यापारी तेल मुरवतात. धंद्यात ते चालतंच, पण जितकं तेल जास्त तितका भाव कमी. आणि पाचू तापवला की तेल सुटतं. आमच्याकडे नवशिक्याला पहिल्या दिवशी सांगतात, पाचूजवळ आच न्यायची नाही."

"तुला ना, सगळ्यांत खोटच दिसते," ताई म्हणाली होती. "दर आठवड्याला तो आजार पिऊन थकतो म्हणून महर्षी त्याला रात्रभर विश्रांतीला ठेवून घेतात. व्यापारी असं करेल?"

विश्रांतीला! चिमटीने कपाळावर हात मारून घेतला होता. रात्रभर तेलाच्या वाटीत डुंबून सकाळी टवटवीत होऊन येणारा तो दगड, आणि त्याचं कौतुक करणारी आपली सख्खी बहीण!

ताईचं नाव पुकारलं गेलं. दोघी पुढे गेल्या. दिव्याखाली हात गेला आणि थोड्या वेळाने पाचूवर थेंब आला. महर्षींनी रुमाल उचलला.

"थांबा महाराज," चिमटी अगदी भाविक आवाजात म्हणाली. "हे अश्रू आम्हाला घरी चौकटीत लावायचेत. या कागदावर टिपू?"

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? महर्षींनी मान डोलावली. चिमटीने ताईच्याच छापखान्यातला कोरा कागद पाचूवर टेकवला. मग पाण्याच्या बाटलीत बोट बुडवून तिने शेजारीच दुसरा थेंब टाकला आणि कागद ग्रहदीपाखाली ठेवला.

"हे काय?"

"काही नाही. तुमचं चालू द्या."

महर्षींनी कोलंबियाचं माहात्म्य पुन्हा सुरू केलं. तेवढ्या वेळात त्यांच्याच दिव्याने पाण्याचा डाग वाळवून टाकला. चिमटीने कागद उचलून दिव्यासमोर धरला आणि ती ताईकडे वळली.

"ताई, मी बोलत नाही. कागद तुझा, तूच सांग."

ताईने कागद हातात घेतला. पाणी वाळलं होतं तिथे कागद जरासा आकसला होता. अश्रूचा डाग मात्र वाळायचं नाव घेत नव्हता. तो हिरवट होता, पसरला होता आणि त्यातून दिव्याचा उजेड आरपार येत होता. असे डाग पडलेले कागद ताईने आयुष्यात किती बाजूला फेकले असतील, गणती नाही. यंत्राला तेल दिलं की पहिल्या गठ्ठ्यावर हमखास पडायचे. तिने बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"तेल आहे हे," ती म्हणाली. मग मोठ्याने, "अहो, हे तेल आहे!"

"श्रद्धा मळली की अश्रूचंही तेल होतं!" महर्षी गरजले. "खोटा माल असता तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र मिळालं असतं का?"

"ते आहे की माझ्याकडे," म्हणत ताईने पिशवीतून प्रमाणपत्र काढलं. त्यावर 'अभिमंत्रित' असा सोनेरी गोल चिकटवला होता. चिमटीने तो नखाने खरवडून काढला आणि त्याखाली झाकलेल्या ओळी वाचून दाखवल्या. "नैसर्गिक पाचू. उगम, कोलंबिया. भेगांमध्ये रंगीत तेल, प्रमाण फार."

हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. मास्तर आपल्या प्रमाणपत्रावरचा गोल खरवडायला लागले.

"म्हणजे दगड खरा, गावही खरं," चिमटी म्हणाली. "खड्याचं माहेर सगळ्यांनी विचारलं. नंतर त्याच्यावर काय काय केलं, ते कोणी विचारलंच नाही. म्हणून तर हलका माल भारी भावाने खपला."

मागून एकाने विचारलं, "मग बिनतेलाचा, चांगल्या खाणीचा घेतला तर गुण येईल ना?"

चिमटीला हसावं की रडावं कळेना. "अहो, तसा पाचू लाखांत एक. त्याला सोनार चांगला भाव देईल, एवढंच. पण फेफरं थांबवायची ताकद त्यातही नाही आणि कुठल्याच दगडात नाही. गोळी सोडायला सांगणाऱ्याला आधी विचारा, झटका आला तर यंत्रापुढे माझ्या जागी तू उभा राहशील का?"

महर्षी ग्रहदीपाची वायर गुंडाळू लागले होते.

ताई तिथून थेट डॉक्टरकडे गेली. डॉक्टरने गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि पुढचे काही महिने कापायच्या यंत्राला हात लावायचा नाही, असं बजावलं. सोमवारी छापखान्यात तिला कागद मोजायला बसवलं. पोरीबाळींचं काम म्हणून ती दिवसभर चिडचिड करत होती. गुरुवारी दुपारी कागद मोजता मोजता ती खुर्चीवरून खाली कोसळली. अंगात गोळ्या अजून भिनायच्या होत्या.

शुद्धीवर आली तेव्हा ती छापखान्यातच आडवी होती आणि निरोप मिळताच धावत आलेली चिमटी तिच्या उशाशी होती. ताईने आधी पलीकडच्या कापायच्या यंत्राकडे पाहिलं. मग दोन्ही हात डोळ्यांपुढे धरले आणि एकेक बोट हलवून पाहिलं.