सहाव्या रांगेतलं घर

"पडदा बोटभर वर घे गं सलिमा. खाली लोळायलाय. पाव्हणा यायचा अन् पडद्याला शेण लागलेलं दिसायचं."

"कोन पाव्हणा? सख्खा भाऊ तर हाय तुमचा." सलिमानं दातांत सुतळी धरली होती, दातांच्या फटीतूनच ती बोलत होती.

"आज पाव्हणाच हाय त्यो. माझ्या घरी पयल्यांदाच यायलाय."

माझ्या घरी, असं सत्यभामा म्हणाली खरी, पण म्हटल्यावर तिची तिलाच लाज वाटली. घर म्हणजे काय, तर केजच्या अलीकडच्या माळावर दूध संस्थेनं उघडलेली जनावरांची छावणी, तिच्यातली सहावी रांग, आणि त्या रांगेच्या टोकाला चार बांबूंवर उभं केलेलं दहा बाय दहाचं खोपट. वर उसाचं पाचट, बाजूंना हिरवी जाळी. भिंतीपलीकडे भावाचे दोन बैल, एक गाय आणि तिची कालवड. त्या साली पावसानं अशी काही पाठ फिरवली होती की पालीच्या धरणाचा तळ उघडा पडला होता, आणि श्रावणातच जनावरं छावणीत आणून बांधावी लागली होती. जनावरांबरोबर घरटी एक माणूस राहायला हवं, असा संस्थेचा नियम होता.

भावाच्या, म्हणजे बिभीषणच्या घरात रिकामं माणूस एकच होतं. वहिनीला मुलांच्या शाळा होत्या, बिभीषणला गावात सोसायटीच्या गोदामावरची नोकरी होती. उरली सत्यभामा. तिच्या नवऱ्यानं चौदा वर्षांपूर्वी दुसरी बायको केली आणि ही एक पत्र्याची पेटी घेऊन भावाच्या दारात आली. भावानं "ये" म्हटलं, हे विसरायचं नाही. पुढं त्यानं कधी वाकडा शब्द काढला नाही. वहिनीही तशी वाईट नव्हती. पण घर परकं वाटायला कुणी हाकलूनच द्यावं लागतं असं थोडंच असतं? एकदा सत्यभामेनं स्वयंपाकघरातली फळी खिडकीजवळ नेली आणि तिच्यावर डबे उंचीप्रमाणे लावले. छान दिसत होतं. दुसऱ्या दिवशी फळी मुकाट्यानं जुन्या जागी गेली, एवढंच. त्यानंतर सत्यभामेनं त्या घरात खिळासुद्धा हलवला नाही. धान्याच्या दोन कोठ्यांच्या मधे ती झोपत असे, आणि सकाळी उठून वाकळ अशी घडी करून ठेवत असे, की तिथं रात्री कुणी निजलं होतं हे कळू नये.

छावणीत आलेल्या बाकीच्या बाया पहिले आठ दिवस नशिबाला शिव्या देत बसल्या. सत्यभामेनं मात्र दुसऱ्याच दिवशी खोपटाची जमीन चोपून सारवून काढली. मग तिचे हात सुटलेच. चौदा वर्षांचं साचलेलं होतं ते.

पेंडीची रिकामी पोती संस्थेच्या शेडमागे पडलेली असत. तिनं ती उसवली, खाऱ्या बोअरच्या पाण्यात धुतली, आणि खाली आपल्या फाटक्या लुगड्याचे जरीकाठ लावून दाराला पडदा केला. काठ हिरवा, पोतं पांढरं. लांबून कुणाला वाटावं, शहरातून आणलाय. जाळीच्या भिंतीवर आतून शेणमाती लिंपली आणि जंतू मारायला संस्था जो चुना फेकायची त्यातला ओंजळभर मागून आणून वेली काढल्या. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला झालर शिवली, त्याचं टेबल झालं. पाण्याच्या बाटल्या आडव्या कापून दारात टांगल्या आणि भांडी विसळलेल्या पाण्यावर त्यांत कोथिंबीर उगवली. टँकरसाठी रांगेत मारामाऱ्या चालत आणि ही बाई उष्ट्या पाण्यावर बाग फुलवत होती. दुसरी कुणी असती तर लोकांनी वेडीच म्हटलं असतं.

हिलाही म्हटलंच आधी. शेजारची म्हातारी छबुबाई तर तोंडावर म्हणाली, "ढोरांच्या छावनीत झालरी लावायलीस व्हय गं? बैल काय फराळाला येनार हायेत?"

पण महिन्याभरात छबुबाईच्याच खोपटाला पडदा लागला. मग पाचव्या रांगेत लागला, मग तिसऱ्या. दुपारी जनावरं रवंथ करत बसली की बाया सत्यभामेकडे येऊन बसायच्या. ती त्यांना फार काही शिकवायची नाही. "इकत काहीच आनायचं न्हाई," एवढंच म्हणायची. "हाय त्यालाच कड लावायची. कड लागली की चिंधीचंसुदा कापड दिसतंय." केजची सलिमा दोन म्हशी घेऊन शेजारी उतरली होती. तिचा नवरा शफी फळांचा गाडा लावायचा. त्याच्या द्राक्षांच्या पेट्यांच्या फळ्या सलिमानं आणल्या, आणि दोघींनी मिळून दोन खोपटांत दोन मांडण्या ठोकल्या. सत्यभामेनं आपली मांडणी भिंत लिंपताना सोडलेल्या खिडकीजवळ लावली. डबे उंचीप्रमाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या तिनं आधी तिकडे पाहिलं. सगळे डबे जागच्या जागी होते. ती तिथंच बसून रडली. कशासाठी ते सलिमाला कळलं नाही, आणि सांगण्यासारखं ते नव्हतंही.

दिवाळीच्या आधी संस्थेचे सेक्रेटरी धोंडीराम एका वार्ताहराला घेऊन आले. त्याला छावणी चांगली चालली आहे असं छापायचं होतं. त्यानं सत्यभामेला पडद्याशी उभं करून फोटो काढला. चार दिवसांनी शफीनं पेपर आणला. 'छावणीतही सजला संसार', खाली नाव, गावाचं नाव, सगळं बैजवार. सत्यभामा सातवी शिकलेली. तिनं ते सतरांदा वाचलं. मग सलिमाच्या फोनवरून भावाला फोन लावला.

"दादा, यंदा भाऊबीजेला तू माझ्याकडं ये. मी वाट बघते."

पलीकडून बिभीषण म्हणाला, "येतो. तसंबी यायचंच हाय मला."

तिला तेवढं पुरलं. चौदा भाऊबीजा तिनं भावाला त्याच्याच घरात, त्याच्याच ताटानं, त्याच्याच तेलाच्या दिव्यांनी ओवाळलं होतं. भाऊ बहिणीच्या घरी जातो ती भाऊबीज. इथं बहीणच भावाच्या घरी, तर त्या ओवाळण्याला काय अर्थ? यंदा मात्र तो उंबऱ्याबाहेर चपला काढणार होता. उंबरा नव्हता, म्हणून तिनं मुद्दाम एक लाकूड पुरून घेतलं.

दुपारी दोन वाजता बिभीषण आला. एकटा नव्हता, बरोबर वहिनीच्या माहेरचा सटवा होता. पाठीवर पिशवी, काखेत कांबळं, तोंडात विडी. सत्यभामेला वाटलं, आला असेल सोबतीला. तिनं त्यालाही पाणी दिलं.

बिभीषणनं आधी बैलांच्या पाठीवरून हात फिरवला, कालवडीचे कान पाहिले. मग वाकून, पडदा हातानं बाजूला करून तो आत आला आणि उभाच राहिला. वेली, मांडणी, झालरीचा डबा, चुन्याची रांगोळी. तो भोवती बघतच राहिला.

"भारी केलंस गं भामे," तो म्हणाला. खरंच म्हणाला, उगाच नाही.

"बस ना दादा. तुज्यासाठीच पाट मांडलाय."

तिनं त्याला पूर्वेला तोंड करून बसवलं. सलिमाच्या म्हशीचं दूध आणि सलिमाच्याच शेवया, तिची खीर केली होती. कणकेचे दोन दिवे होते. तिनं ओवाळलं. बिभीषणनं ताटात साडी ठेवली, वाकून तिच्या पाया पडल्यासारखं केलं, तशी ती हसली. "येडा हायेस का, मी धाकटी न्हवं?" सटवा दारात बसून खिरीची वाटी चाटत होता. त्या अर्ध्या तासात सत्यभामेएवढी सुखी बाई बीड जिल्ह्यात दुसरी नसेल.

"आवर आता," वाटी खाली ठेवत बिभीषण म्हणाला. "पाचची जीप हाय."

"तुला जायचंय व्हय लगेच? ऱ्हा की आजच्या दिस."

"मला न्हाई, आपल्याला. तुला न्यायला आलोय. सटवा ऱ्हाईल इथं जनावरापाशी. मी त्याला सगळं सांगितलंय."

सत्यभामेच्या हातात ताट होतं. दिवे अजून जळत होते.

"कावून?" ती म्हणाली.

"कावून म्हंजे? सणासुदीला बहीण ढोरात ठिऊ का मी?" बिभीषणचा आवाज चढला, पण राग तिच्यावर नव्हता. "पेपरात आलं न्हवं तुजं. गावात हाटेलात दाखवायलेत लोकं. म्हनत्यात, बिभीषणच्या बहिनीनं छावनीत संसार थाटला, घरात जागा नसंल. तोंडात शेण घालत्यात माज्या. लई वाईट वाटलं बघ. मीच चुकलो म्हनलं. तुला आधीच न्यायला पायजे होतं."

म्हणजे तो फोटो. तिनं हौसेनं पडद्याशी उभं राहून काढून घेतलेला फोटो. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? कुणी धरू शकलं असतं, तर हे घर राहिलं असतं.

"दादा, छावनी उठंपर्यंत ऱ्हाते की," ती हळूच म्हणाली. "जनावरं मला वळखत्यात. सटवाला गायीचं जमायचं न्हाई."

"जमतंय सगळं. तुला कशाला इथं धुळीत मरायचं? आपलं घर हाय की तिकडं."

"तुजं घर हाय, दादा."

चौदा वर्षांत जे ओठांवर येऊ दिलं नव्हतं ते भाऊबीजेच्या दिवशीच निघालं. बिभीषणचा चेहरा पडला. तो लहान मुलासारखा म्हणाला, "मी कधी तुला परकं केलं का भामे? कधी बोललो का काही?"

"न्हाई," सत्यभामा म्हणाली. खोटं कसं सांगणार? त्यानं खरंच कधी परकं केलं नव्हतं. त्याला दोष देता आला असता तर ती भांडली तरी असती. पण या माणसानं तिला दारात घेतलं होतं, आज डोळ्यांत पाणी आणून न्यायला आला होता, आणि तिचं काय हिरावून नेतोय ते त्याला शंभर वर्षं समजावलं तरी समजलं नसतं.

तिनं दिवे विझू दिले. फुंकर घातली नाही. मग भांडी घासली, गायीला पाणी दाखवलं, आणि सटवाला सांगितलं की ही गाय उजव्या बाजूनं गेलेलं सोसत नाही, डावीकडनं जायचं. सटवानं मान हलवली. त्याचं लक्ष झालरीच्या डब्याकडे होतं. त्यानं त्याच्यावर विडीचं बंडल आणि तंबाखूची पुडी ठेवली होती.

"तुजा पडदा काढून घे," बिभीषण म्हणाला. त्याला बहिणीचं मन राखायचं होतं. "अन् ती मांडनी. तिकडं लावू की आपन."

सत्यभामेनं मनातल्या मनात ते घर पाहिलं. समोरची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, दोन कोठ्या. पडदा लावावा असं एकही दार तिथं तिचं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "हाय तसं ऱ्हाऊ दे समदं."

तिनं नवी साडी, दोन लुगडी आणि पेपरचा तुकडा असं एक गाठोडं बांधलं. सलिमा दारात उभी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, जाळीच्या भिंतीला काही राखून ठेवता येत नाही. छबुबाईनं सत्यभामेच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि "म्हायेराला निगाली गं माजी बाय," असं म्हणाली. म्हातारी कळून म्हणाली की न कळून, कोण जाणे. पण सत्यभामेला ते बरं वाटलं. तिनं डोक्यावर पदर घेतला. सलिमाचा हात हातात धरून ती पुटपुटत काही तरी सांगून गेली, आणि भावाच्या मागे चालू लागली.

रस्ता छावणीपासून दोनशे पावलांवर होता. जीप अजून यायची होती. बिभीषण गाठोडं धरून उभा होता आणि वाटेवर बघत होता. सत्यभामा वळली.

सहाव्या रांगेच्या टोकाला, तिच्या पडद्यासमोर, सटवा हातात खराटा घेऊन उभा होता. त्याला खोपट झाडून, डबा-मांडणी बाहेर टाकून कालवड आत बांधायची होती, हे त्याच्या हातवाऱ्यांवरून इथूनही समजत होतं. सलिमा त्याच्या वाटेत दोन्ही हात कमरेवर ठेवून उभी होती. ती कधी कुणावर ओरडत नसे. आज तिचा आवाज रस्त्यापर्यंत आला.

"आज न्हाई! उद्या झाड. घरची मालकीन आत्ता गावाला गेली, लगेच झाडत नसतेत."