वॉल्टर आजोबांचं वाडगं

कुकरची शिट्टी झाली आणि टीव्हीवरच्या शांततेला भोक पडलं.

पडद्यावर लंडनचं ते पांढरं स्मारक, काळे कोट, छातीवर पॉपीची लाल कागदी फुलं, युद्धात गेलेल्यांसाठी दोन मिनिटं निश्चल उभी असलेली माणसं. आणि इकडे रीडिंग गावात शिल्पाच्या तुरीच्या डाळीने आपलं मत नोंदवलेलं. सोफ्यावर पाय पसरून बसलेला राजीवदादा मोठ्याने हसला.

"घ्या! आपल्यातर्फे तोफेची सलामी!"

श्रीनिवासही हसला. मेव्हणा वर्षातून एकदा, भाऊबीजेला एजवेअरहून यायचा. त्याच्या विनोदांना हसणं हे श्रीखंड-पुरीइतकंच त्या दिवसाच्या बेतात धरलेलं असे.

"श्श, मामा!" अक्षरा टीव्हीसमोर हात दोन्ही बाजूंना चिकटवून ताठ उभी होती. सहा वर्षांची. "टू मिनिट्स अजून झाले नाही."

शिल्पाने गॅस बंद केला आणि खिडकीतून सहज शेजारी पाहिलं. वॉल्टरच्या घराचे पडदे उघडे होते. म्हणजे म्हातारा गेलाच नव्हता.

वॉल्टर मूळचा कॅनडाचा. विशीत युद्धासाठी इंग्लंडात आला, इथल्याच मुलीशी लग्न करून राहिला, आणि आता ती गेल्यावर एकटा होता. उन्हाळ्यात त्याने निळ्या काठाच्या वाडग्यातून परसातले प्लम आणून दिले. शिल्पाने त्यातून शिरा पाठवला. "आमच्याकडे भांडं रिकामं परत देत नाहीत," असं अक्षराने त्याला बजावून सांगितलं, आणि तेव्हापासून ते वाडगं कुंपणाच्या या बाजूने त्या बाजूला भरलेलंच फिरत होतं.

गुरुवारी त्याने पहिल्यांदाच काही मागितलं. रविवारी मला गावातल्या स्मारकापाशी सोडशील का? आता गाडी चालवत नाही मी. "नक्की," शिल्पा म्हणाली होती. शनिवारी दादाचा फोन आला, की तो साडेदहालाच पोचतोय. मग तिने वाडगं चकल्या-शंकरपाळ्यांनी शिगोशीग भरलं आणि 'सॉरी' सांगायला अक्षराला पाठवलं. स्वतः गेली नाही. श्रीखंडाचं दही टांगायचं होतं.

दारावरची बेल वाजली.

दारात वॉल्टर. निळा ब्लेझर, छातीवर पदकं, पायात आरशासारखे बूट. हातात नॅपकिनने झाकलेलं वाडगं.

"टॅक्सी नाही मिळाली?" शिल्पाने इंग्रजीत विचारलं.

"बोलावलीच नाही. तिथे एकट्याने उभं राहिलं की बसची वाट बघतोय असं वाटतं." तो हसला. "चकल्या मस्त होत्या. चहात बुडवून खाल्ल्या. माझ्या दातांना तेवढंच झेपतं."

"या ना, सर, आत या!" आतून राजीवदादा ओरडला. दुसरं महायुद्ध त्याच्याकडे डीव्हीडीच्या संचात संपूर्ण होतं. "कुठल्या लढाईत होता तुम्ही?"

"दिएप, फ्रान्सचा किनारा," वॉल्टर पायपुसण्यावरूनच म्हणाला. "मी आणि माझा धाकटा भाऊ. सकाळचंच काम होतं. दुपारपर्यंत आटोपलं."

"अच्छा, दिएप!" दादाने मान डोलावली आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच ठेवून मराठीत शिरला. "श्री, हे कॅनडावाले म्हणजे लग्नातले वाढपी रे. लग्न दुसऱ्याचं, फोटो दुसऱ्याचे. पहिल्या युद्धात विमीची एक टेकडी घेतली, तिचं नव्वद वर्षं कौतुक चाललंय. नॉर्मंडीत पाच किनारे, त्यातला एक यांना दिला, कोपऱ्यातलं पान वाढल्यासारखा. आणि दिएप? तो तर निव्वळ फजितवाडा. रणगाडे उतरवले ते कुठे, तर गोट्यांवर! पट्ट्यांत दगड अडकले आणि बसले जागच्या जागी गरगर फिरत."

श्रीनिवास फिसकन हसला. 'कोपऱ्यातलं पान' ऐकून शिल्पाच्याही ओठांची कड हलली. काही न कळलेला वॉल्टरही सगळ्यांकडे बघून सभ्यपणे हसला. अक्षरा तेवढी हसली नाही.

वॉल्टरने वाडगं तिच्याच हातात दिलं. "रिकामं नाहीये," तो तिला हळूच म्हणाला, आणि आपल्या घराकडे वळला. त्याचे बूट फरशीवर एकसारखे वाजत गेले.

"शिल्पे, ओवाळ बाई आता. पोटात कावळे ओरडतायत."

पाट मांडला. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, अंगठी. सुपारी काही सापडेना. सकाळी काढून ठेवलेली, अक्षराने खेळायला घेतली असणार. शिल्पाने ओट्यावर हात फिरवला, डबे सरकवले, आणि अक्षराने आणून ठेवलेल्या वाडग्यावरचा नॅपकिन उचलला तर तळाशी तीच: तपकिरी, गोल, अंगावर पांढुरकी रेघ. एवढ्याशा सुपारीसाठी केवढा शोध! नि एवढी गार कशी?

तिने दादाला कुंकू लावलं, अक्षता लावल्या. अंगठी आणि सुपारी चिमटीत धरून त्याच्या चेहऱ्याभोवती फिरवली. दादाने फोटोसाठी हनुवटी वर केली.

"आई, ते सुपारी नाहीये."

"अक्षू, मध्ये बोलू नकोस."

"नाहीये पण! ते वॉल्टर आजोबांचा दगड आहे. मला दाखवलेला त्यांनी. तिथल्या बीचवरचा, त्यांच्या बुटात घुसला होता. बोटीत बसल्यावर कळलं त्यांना." ती शब्द जुळवत थांबली. "अर्नी नाही आला बोटीत. त्यांचा भाऊ. म्हणजे दगड आला, आणि अर्नी तिकडेच राहिला."

कॅमेरा धरलेला श्रीनिवासचा हात खाली आला.

शिल्पाने चिमूट उघडली. कपाळावरून निसटलेलं थोडं कुंकू खड्याच्या पांढऱ्या रेघेत जाऊन बसलं होतं. तिने ते पदराने पुसायला घेतलं, आणि पुसता पुसता थांबली. दादाने हात पुढे केला, मग तसाच मागे घेतला. निरांजनाची वात तडतडली. कोणी ती सारखी केली नाही.

खिडकीतून वॉल्टरची बैठक दिसत होती. तो ब्लेझर न काढता खुर्चीत बसला होता, बाहेर निघायच्या बेतात असल्यासारखा.

स्वयंपाकघरात नळ सुटला, बंद झाला. अक्षरा दोन्ही हातांत वाडगं धरून बाहेर आली. तिने ते धुतलं होतं, फ्रॉकला पुसलं होतं. ते तिने आईपुढे धरलं.

"आई, आता यात काय घालून द्यायचं?"